खापरपणजोबा सापडले एकदाचे!

नवरा स्कॉटिश, त्यामुळे सासरच्या खापरपणजोबांना शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. नाव जॉन, आडनाव मॅकने सुरू होणारं, म्हणजे झालंच कल्याण! त्यात स्पेलिंग दर कागदावर वेगळं, कारण लिहिणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं.

स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८५५ ला सुरू झाली, त्याआधीचं सगळं चर्चच्या जुन्या रजिस्टरांत, आणि १८४३ ला चर्चमध्ये मोठी फूट पडून बरेच लोक फ्री चर्चमध्ये गेले, मग त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे मूळ चर्चच्या वहीत कसे मिळणार? मी आपली दोन महिने चुकीच्या वहीत शोधत बसले. १८४१ च्या जनगणनेतलं वयही जुळेना, नंतर कळलं की तेव्हा मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे, म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा. धन्य!

शेवटी कामी आल्या बायका. तिकडे लग्नानंतरही नोंदींमध्ये बाईचं माहेरचं आडनाव लिहायचे, म्हणून खापरपणजीवरून शोधलं आणि जॉनरावांची मृत्यूची नोंद मिळाली, तीही नेमकी १८५५ ची. त्या पहिल्या वर्षीच्या फॉर्मात इतकी माहिती भरायची होती (जन्मगाव, आईवडील, बायको, सगळी मुलं!) की पुढच्या वर्षी त्यातले बरेच रकाने काढूनच टाकले.

नवऱ्याला दाखवलं तर म्हणतो, आता त्यांचे वडील शोध.