पन्नास ग्रॅम सोनं आणि भाताची तीन खाचरं

पश्चिम सुमात्रात तानाह दातार जिल्ह्यात, मारापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या एका नागारीत आमचं मोजणीचं काम चालू होतं. नागारी म्हणजे तिथलं गाव, पण नुसतं वस्तीचं गाव नाही, स्वतःची जमीन, स्वतःची पंचायत, स्वतःचे रीतिरिवाज असलेलं. १९७९ च्या कायद्याने सरकारने ही रचना मोडून सगळीकडे एकसारखी सरकारी खेडी केली होती, २००० नंतर ती परत आली. आणि २०१७ पासून इंडोनेशियात देशभर प्रत्येक जमिनीचा तुकडा मोजून सर्टिफिकेट द्यायची मोठी मोहीम चालू आहे, पीटीएसएल म्हणतात तिला. मी त्यातल्याच एका कामावर जीएनएसएस सर्व्हेचा, म्हणजे उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा मोजणारा माणूस म्हणून होतो.

इथले लोक मिनांगकाबाऊ. मुसलमान आहेत, पाच वेळा नमाज पढणारे, आणि तरी वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते. नवरा लग्न करून बायकोच्या घरी येतो तो पाहुण्यासारखा, घरातल्या निर्णयात बोलतो तो बायकोचा भाऊ, म्हणजे मुलांचा मामा, त्याला तिथे मामाक म्हणतात. जमिनीची मालकी बायकांच्या वंशाची आणि राखण मामाची. स्वतः कमावलेली मालमत्ता वेगळी, ती शरियतप्रमाणे मुलाबाळांना वाटता येते. पण पणजी-खापरपणजीकडून आलेलं शेत कुणा एकाचं नसतंच, ते विकायचं नाही. गहाणसुद्धा चारच कारणांसाठी टाकायचं: घरात प्रेत पडलंय आणि खर्चाला पैसे नाहीत, मोठी मुलगी लग्नाची राहिलीय, घराण्यातलं रिकामं पडलेलं दातुकपद, म्हणजे कुळाच्या प्रमुखाचं पद, परत उभं करायचंय, नाहीतर मोठं घर गळतंय.

तर त्या दिवशी वाद झाला तो या चौथ्या कारणावरून.

भाताची तीन खाचरं होती, एकाखाली एक, पाटाचं पाणी वरून खाली उतरत जाणारी, बांधाच्या कोपऱ्यावर सुपारी आणि लाल पानांची झुडपं लावलेली, तीच तिथली हद्दीची खूण. नियमाप्रमाणे शेजारचे सगळे मालक बोलावले होते, कारण चारी बाजूंनी माणूस उभा राहून हो म्हटल्याशिवाय खुंटी ठोकता येत नाही. खाचरं कसणारा माणूस चानियागो कुळातला, पन्नाशीचा, त्याने आपल्या घराण्याच्या नावाने अर्ज दिलेला. मी रोव्हरचा, म्हणजे मोजणीच्या यंत्राचा दांडा पहिल्या सुपारीपाशी टेकवला, झाडांमुळे फिक्स, म्हणजे जागेचा अचूक आकडा मिळेना म्हणून थांबलो, तेवढ्यात वरच्या पायवाटेने कोतो कुळातली माणसं खाली आली, एक म्हाताऱ्या आजी, त्यांचा दातुक भाऊ आणि जकार्ताहून आलेला एक तरुण नातू, वकिली शिकणारा.

आजींनी कमरेच्या कापडातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यात अजून एक पिशवी, आणि तिच्यात घडीवर फाटायला आलेला कागद. जावी लिपीत म्हणजे मलय भाषा अरबी अक्षरांत लिहिलेली, खाली अंगठे. माझ्याबरोबरची पादांग शहरातली सहकारी वाचत गेली. सत्तरच्या दशकातलं गहाणखत होतं. कोतोंच्या रुमाह गादांगचं, म्हणजे त्या शिंगासारख्या टोकांच्या मोठ्या घराचं, ताडाच्या काळ्या तंतूंचं छप्पर कुजून गळायला लागलं तेव्हा आजींच्या आईने ही तीन खाचरं चानियागोंकडे टाकली, वीस एमास सोन्यावर. एक एमास म्हणजे अडीच ग्रॅम, म्हणजे पन्नास ग्रॅम सोनं. आपल्याकडच्या ताबेगहाणासारखाच प्रकार, सोनं परत देईपर्यंत शेत दुसऱ्याने कसायचं आणि पीक खायचं, मुदत नाही.

नातवाने लगेच फोनवर कायदा उघडला. १९६० चा, क्रमांक ५६, कलम ७: शेतजमीन सात वर्षं किंवा जास्त गहाण राहिली असेल तर धारकाने ती एकही पैसा न घेता परत करायची, उभं पीक निघाल्यावर महिन्याभरात. कायद्यात खरंच तसं आहे, आणि का आहे तेही समजतं, सात वर्षांच्या पिकात सावकाराचं मुद्दल व्याजासकट वसूल होतं हा त्यामागचा हिशोब, आणि गरीब शेतकऱ्याची जमीन पिढ्यानपिढ्या अडकू नये म्हणूनच तो केलेला. नातू म्हणाला पन्नास वर्षं खाल्लंय यांनी, आता काय द्यायचंय, आजच नाव लावा. चानियागोंचा माणूस एकदम तापला, म्हणाला माझ्या आईने बांगड्या मोडून दिल्या होत्या. बांधावर तीसेक माणसं जमली, आणि सगळे माझ्या हातातल्या यंत्राकडे बघतायत, जणू ते आता मालक कोण ते सांगणार आहे.

आजी इतका वेळ गप्प होत्या. मग नातवाकडे वळून मिनांग भाषेत जे बोलल्या ते सहकारीने मला हळू आवाजात सांगितलं. "तुझी आई त्या छपराखाली जन्मली. ते छप्पर यांच्या सोन्याचं आहे. सोनं न देता शेत घेऊन आलास तर मी शुक्रवारच्या बाजारात कुठल्या तोंडाने जाऊ?" नातू म्हणाला, आजी, पण कायदा आपल्या बाजूने आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "कायदा जकार्तात राहतो, ही माणसं इथे राहतात," आणि चानियागोंच्या घरातल्या तेवढ्याच वयाच्या बाईकडे हात केला. ती मागे छत्री घेऊन उभी होती, ती पुढे आली आणि आजींचा हात धरून बांधावर बसली. पुढचा अर्धा तास त्या दोघीच बोलत होत्या. दोन्हीकडचे दातुक नुसते मान हलवत होते, शेवटी ठराव त्यांनीच जाहीर केला, पण ठरवलं कुणी ते सगळ्यांनी बघितलं.

मी हे बघताना सारखा आमच्या तहसील कचेरीत जात होतो मनाने. आजोबा गेल्यावर माझ्या दोन्ही आत्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली, कुणी त्यांना विचारलं नाही की तुम्हाला काय हवंय, साडी-चोळी करून पाठवणी झाली आणि सातबाऱ्यावरून नावं गेली. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हक्क दिला, तरी सही घेणं चालूच आहे, माहेर तुटू नये म्हणून बायका देतात. इथे बांधावर बसलेल्या त्या दोघींना कुठल्या कागदावर सही करून कुठलं घर टिकवायचं नव्हतं, घर त्यांचंच होतं. मला हा फरक फार मोठा वाटतो, आणि तो नुसता कायद्याने येत नाही हेही तितकंच खरं.

आणि त्या आजींच्या बाजूने मी असलो तरी नातवाचं पण चूक नव्हतं. सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेलाय, पन्नास ग्रॅम आज उभं करणं म्हणजे शेतकरी घराला केवढं ओझं, आणि समोर शेजारीण न असता पेढीवाला असता तर तेच कलम ७ एकमेव आधार ठरलं असतं. त्याला मी तसं सांगितलं पण. तो म्हणाला, पाक (म्हणजे साहेब), मग मी वकील होऊन काय करू? मी म्हटलं आधी रांजी पूर्ण कर. रांजी म्हणजे आईच्या बाजूची वंशावळ, ती मामाक, आदातची म्हणजे रीतिरिवाजांची पंचायत आणि वाली नागारी म्हणजे गावाचा प्रमुख यांच्या सह्यांनिशी लागते, तिच्याशिवाय कुळाच्या नावाचं सर्टिफिकेट निघत नाही, आणि त्यांच्या रांजीत परगावी गेलेल्या मावश्यांच्या दोन शाखा लिहिलेल्याच नव्हत्या. उद्या त्यातलीच कुणी परत आली तर खरा तंटा तिथे होईल.

ठरलं असं की सोनं द्यायचं, पूर्ण वीस एमास, कापणीनंतर, आणि जकार्ता-पकानबारूला गेलेल्या सगळ्या भाचे-भाच्यांनी त्यात वाटा घालायचा. मोजणी आम्ही त्याच दुपारी उरकली, ढग जरा हटल्यावर फिक्स मिळाला, प्रत्येक खुंटीला दोन्ही कुळांची माणसं उभी राहिली. ऑफिसात प्रश्न आला की याला मोहिमेतल्या के-२ गटात टाकायचं का, तो वादग्रस्त जमिनींसाठी असतो. दोन्ही दातुकांनी साफ नकार दिला, वाद नाहीच म्हणाले. म्हणून तो तुकडा नकाशावर आला पण कागदपत्रं अपुरी, असा के-३ गटात गेला.

कापणीनंतर सहकारीचा मेसेज आला. बारा एमास दिले, आठ पुढच्या हंगामाला. तोपर्यंत वरचं एक खाचर कोतोंनी लावायचं आणि खालची दोन चानियागोंनी, हेही त्या दोघींनीच ठरवलं. रांजीचं काम नातवाने घेतलंय, एका मावशीचा पत्ता मेदानमध्ये लागला, दुसरीचा अजून शोधतोय.