केलची ट्राम आणि चंदगडची बस

चंदगडच्या मामाचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला, "गाडी घेतलास काय नाही अजून?" तीन वर्षं झाली मला जर्मनीत येऊन, तीन वर्षं मी नाही म्हणतोय आणि मामाला वाटतंय पोराचं तिकडं काही खरं नाही. बेळगावात वडगावला आमच्या गल्लीत आता दारात दोन-दोन टू-व्हीलर, बऱ्याच जणांकडे कार, त्यात परदेशात जाऊन हा सायकल चालवतोय म्हटल्यावर काळजी वाटणारच. म्हणून एकदा सविस्तरच लिहितो.

मी राहतो त्या गावाचं नाव केल. ऱ्हाईन नदीच्या काठावर, अलीकडे जर्मनी आणि पलीकडे फ्रान्सचं स्ट्रासबर्ग. म्हणजे सीमाभागातून निघालो आणि परत सीमाभागातच येऊन पडलो. आणि सीमा पण कसली, स्ट्रासबर्ग 1871 ला जर्मनीकडे गेलं, 1918 ला फ्रान्सकडे, 1940 ला परत जर्मनी, 1944 ला परत फ्रान्स. घर तेच, दार तेच आणि देश चार वेळा बदललेला. बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, 1956 ला काय झालं ते आपल्याकडे पोरासोरांना पण पाठ आहे.

तर ह्या नदीवरून 2017 च्या एप्रिलपासून ट्राम चालते, स्ट्रासबर्गची डी लाईन. तो पूल फक्त ट्राम, सायकल आणि पायी जाणाऱ्यांचा, गाड्यांचा पूल शेजारी वेगळा आहे. शनिवारी मसाले, डाळी, कढीपत्ता आणायला मी पलीकडे जातो तेव्हा डाव्या-उजव्या बाजूला नदी दिसते आणि देश कधी बदलला ते फक्त मोबाईलवरच्या मेसेजवरून कळतं. 2020 ला कोरोनात सीमा बंद झाली तेव्हा ही ट्राम पण नदी ओलांडायची बंद झाली होती, ते दिवस शेजारची आजी अजून वाईट वाटून सांगते. 2024 च्या सप्टेंबरपासून जर्मनीनं परत तपासणी सुरू केलीय, कधी कधी पोलीस चढतात, पासपोर्ट बघतात, थोडा उशीर होतो, पण ट्राम जाते. उद्या पण जाईल हे मला माहीत आहे, आणि मामा, मी गाडी घेत नाही त्याचं कारण एवढंच आहे. पर्यावरणाचं प्रेम नंतरचं, आधी भरवसा लागतो.

आता आपला रस्ता बघा. आईचं माहेर चंदगड तालुक्यात, बेळगावातून हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची आणि मग शिनोळीला महाराष्ट्र लागतो. कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये 2023 च्या जूनपासून बायकांना राज्याच्या हद्दीत तिकीट नाही, महाराष्ट्राच्या एसटीत त्याच वर्षीच्या मार्चपासून अर्धं तिकीट. दोन्ही योजना चांगल्याच आहेत, आई आधी महिन्यातून एकदा माहेरी जायची ती आता मनात आलं की निघते. पण सीमेचा वाद पेटला की पहिली थांबते ती बस. दोन दिवस, चार दिवस, कधी जास्त. मग ज्याला दवाखान्यात जायचंय, ज्याच्या घरी लग्न आहे तो काय करणार, तो वडाप, म्हणजे शेअर जीप बघतो नाहीतर कर्ज काढून मोटरसायकल घेतो, आणि एकदा दारात गाडी आली की तो परत बसस्टॉपवर उभा राहत नाही. सीमेवरची बस बंद पडणं हा मला तरी धुराचा आणि पेट्रोलचा पण प्रश्न वाटतो, नुसता राजकारणाचा नाही.

बाटल्यांचं पण असंच. इथं पाण्याची, कोल्ड्रिंकची प्लास्टिक बाटली किंवा कॅन घेतला की 25 सेंट जास्त घेतात, म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते आणि बिलातून पैसे वजा होतात. 2003 पासून हे चालू आहे. गंमत अशी की नदीपलीकडे फ्रान्समध्ये प्लास्टिक बाटलीला हे डिपॉझिट नाही, तिथली बाटली आमच्या मशीनमध्ये टाकली की मशीन परत बाहेर ढकलतं. पण तिकडच्याच, स्ट्रासबर्गच्या अल्सास भागात काचेच्या बाटल्या परत द्यायची जुनी पद्धत अजून टिकून आहे, ते बघितलं की मला आपल्या गोळी सोड्याची आठवण येते, बाटली दुकानदाराच्या हातात दिल्याशिवाय तिथून हलायचं नाही, आणि तेव्हा कुणी रिसायकलिंग हा शब्द पण ऐकला नव्हता.

कचऱ्याचं मला जास्त लागतं. इथं वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर मिळतं, कुठल्या तारखेला कुठला कचरा ते छापलेलं. पिवळ्या पिशवीत फक्त पॅकिंगचं प्लास्टिक आणि डबे, कागद वेगळा, काच तर पांढरी, तपकिरी, हिरवी अशी रंगानुसार वेगवेगळ्या कंटेनरमध्ये नेऊन टाकायची. पहिल्याच महिन्यात मी तुटलेली प्लास्टिकची बादली पिवळ्या पिशवीत टाकली, तर पिशवी तशीच दारात आणि वर स्टिकर. मला राग आला, प्लास्टिकच आहे ना ती पण! मग शेजारच्या आजीनं सांगितलं की ह्या पिशवीचा खर्च पॅकिंगचा माल विकणाऱ्या कंपन्या भरतात, 1991 च्या कायद्यापासून, आणि बादली म्हणजे पॅकिंग नव्हे. हे कळल्यावर पटलं. माझी पिशवी कुठं जाते, पैसे कोण देतं, सगळं माहीत असलं की माणूस डबा धुवून टाकतो.

आणि आमची आई. ती ओला-सुका वेगळा करायची, रोज, न चुकता, आणि दारात आलेल्या गाडीत दोन्ही एकाच ढिगात पडताना बघायची. तरी करायची. माहेरी जाताना तुरमुरीजवळ बस आली की कचरा डेपोचा वास येतो, ती पदर नाकाला लावते आणि म्हणते, "हे आपल्याच घरातलं आलंय बघ." गेल्या वर्षी तिनं परसात खड्डा काढला, भाजीची देठं, पानं सगळं त्यात, आता तिच्या घरातून गाडीत फक्त सुका कचरा जातो. तुरमुरीच्या माणसांसाठी आपल्या हातात एवढं आहे आणि ते प्रत्येकानं करावं असं मला मनापासून वाटतं.

बाबा उद्यमबागच्या मशीनशॉपला तीस वर्षं सायकलनं गेले, वडगावहून अनगोळमार्गे. सायकल सोडली ती गुडघ्यामुळे नव्हे, एका टिपरनं हँडलला घासून पाडलं म्हणून. मी इथं कारखान्यात सायकलनं जातो ते काही बाबांपेक्षा शहाणा आहे म्हणून नाही, माझा रस्ता वेगळा केलेला आहे, एवढंच. स्ट्रासबर्ग आणि आसपास मिळून 600 किलोमीटरपेक्षा जास्त सायकलचे रस्ते आहेत. आणि हो, बेळगावला येण्याजाण्याच्या एका विमानफेरीत जेवढा धूर होतो तेवढा माझ्या वर्षभराच्या सायकलीनं भरून निघत नाही, हे मी हिशोब करून बघितलंय. म्हणून आता दोन वर्षांतून एकदा येतो आणि आलो की महिनाभर राहतो.

मे महिन्यात आई इथं आली होती. पहिल्या शनिवारी तिला ट्राममधून नेलं. पूल सुरू झाला, मी म्हटलं ही नदी म्हणजे हद्द, तशी ती पिशवी उचलून उठूनच उभी राहिली. "उठ की, उतरायचं नाही काय?"

"बस गं, हीच पुढं जाते."

"आणि तिकीट?"

"हेच चालतंय."

ती बसली, पण पिशवी मांडीवर घट्ट धरून, पलीकडचा स्टॉप येईपर्यंत. पुढच्या बुधवारी मी कामावरून आलो तर घरात कोथिंबिरीचा वास. एकटीच फ्रान्सला जाऊन आली होती, रविवार पेठेतल्या दुकानाचं नाव छापलेली तीच कापडी पिशवी घेऊन.