तळाचे भिडू

आठ जणांची फँटसी फुटबॉल लीग: खरे खेळाडू वाटून घ्यायचे, खऱ्या सामन्यांत ते जे करतील त्याचे गुण आपल्याला. प्रत्येकाने १५ खेळाडू उचलायचे, त्यातले तीन फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल मारणारे. म्हणजे एकूण २४ फॉरवर्ड लागणार. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये संघ २०, आणि हल्ली बहुतेक जण पुढे एकच माणूस ठेवतात. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर, भाचा चार्जर शोधत होता तेवढ्यात, मी हा हिशेब पेपरच्या कडेला मांडला आणि एकदम गार वाटलं. कितीही नाकं मुरडा, कुणाला तरी तळाच्या संघाचा स्ट्रायकर घ्यावाच लागणार. ड्राफ्टमध्ये, म्हणजे या वाटपात, एक खेळाडू एकाच्याच वाट्याला येतो. हालांडसारखा गोलांचा रतीब घालणारा गेला की गेला.

नेरूळच्या त्या घरातली बाकीची मंडळी पंचविशीच्या आसपासची. भाच्याचा मी मामा, इतरांचा काका. त्यांच्या लॅपटॉपवर रंगीत तक्ते होते. माझ्याकडे पेपरची कडा.

गुणतक्ता खालून वाचायची मला जुनी खोड आहे. वर कोण आहे ते लोक लिफ्टमध्येही सांगतात, त्यासाठी पेपर कशाला घ्यायचा? २००७-०८ साली विजेता कोण होता ते मला जरा आठवावं लागतं, पण डर्बी काउंटी पाठ आहे: ३८ सामने, ११ गुण, विजय एकच. न्यूकॅसलवर १-०, गोल केनी मिलरचा. २०२४-२५ला साउदॅम्प्टन त्याच वाटेने निघालं होतं. मे महिन्यात त्यांनी मँचेस्टर सिटीला ०-० असं रोखलं, १२ गुण झाले आणि डर्बीचा नीचांक शाबूत राहिला. त्या रात्री मी घरात एकटाच टाळ्या वाजवत होतो. बायको उठून बघून गेली.

तर असल्या संघातला माणूस निवडायचा कसा? पोरं म्हणतात, त्यातल्या त्यात चांगला कोण ते बघायचं. साफ चूक. चांगला कोण हा प्रश्नच नाही. सगळं काम कुणाच्या गळ्यात पडतं ते बघायचं. पेनल्टी कोण मारतो, कॉर्नर कोण घेतो, तीस यार्डांवरची फ्री किक मिळाली की बाकीचे कुणाकडे बघतात. मोठ्या क्लबात या तीन कामांना तीन माणसं असतात आणि त्यांच्यात रुसवेफुगवे असतात. गरीब क्लबात एकच. ब्लॅकपूलचा चार्ली ॲडम घ्या. २०१०-११मध्ये ब्लॅकपूल १९वं आलं, खालच्या लीगमध्ये गेलं. पठ्ठ्याने मिडफिल्डमधून १२ गोल मारले. नुसते त्याचे कॉर्नरच एक कोटी पौंडांचे आहेत, असं मँचेस्टर युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर, खुद्द फर्ग्युसन म्हणाले होते. वेस्ट ब्रॉमचा मातेउस पेरेरा तसाच: २०२०-२१, संघ १९वा, याचे ११ गोल.

एक पथ्य मात्र पाळायचं. नुकत्याच वर आलेल्या संघाच्या ऑगस्टवर भाळायचं नाही. नॉर्विचच्या टीमू पुकीने २०१९मध्ये पहिल्या पाच सामन्यांत सहा गोल केले, त्यात न्यूकॅसलविरुद्ध हॅटट्रिक. अख्ख्या हंगामात झाले ११. बाकीच्यांना तो कळला, एवढंच.

आणि गोलकीपर! इथे मी पोरांशी भांडायलाही तयार असतो. तीन बचावांना एक गुण, दोन गोल खाल्ले की एक वजा, पूर्ण खेळल्याचे दोन. आता नऊ बचाव करून ०-३ हरलेल्याचा हिशेब करा: दोन अधिक तीन वजा एक, चार. आणि २-१ जिंकलेल्या बड्या संघाचा, दिवसभरात एकच चेंडू अडवलेला कीपर? दोन. हरलेल्याला दुप्पट! असा न्याय मी दुसऱ्या कुठल्याच खेळात पाहिलेला नाही.

आमच्या शाळेचा संघ, ठाण्यातला, कायम हरायचा. मैदान उताराचं, पावसात एका बाजूच्या गोलपोस्टसमोर तळं साचायचं आणि टॉस हरायची आमची परंपरा असल्यामुळे पहिला हाफ ते तळं आमचं. गोली होता बाळ्या. हातात विकेटकीपिंगचे जुने ग्लोव्हज, त्यावरच्या रबराच्या पुटकुळ्या निम्म्या उडालेल्या, चेंडू धरला की त्यातून पाणी पिळून निघायचं. पोस्टच्या बुंध्याशी त्याने विटेचा तुकडा ठेवलेला असे. चेंडू अडवला की तो उठायचा, चिखल पुसायचा आणि पोस्टवर एक रेघ ओढायचा. चार उभ्या, पाचवी आडवी. समोरचा संघ कॉर्नर घ्यायला तयार, आमचे डिफेंडर ओरडताहेत, आणि हा वाकून रेघ मारतोय. गोल झाला तर काही लिहीत नसे. ‘ते लिहायला पीटीचे सर आहेत की,’ म्हणायचा. पाच-शून्य हरल्यावर आम्ही माना खाली घालून बॅगा उचलायचो, तेव्हा बाळ्या पोस्टपाशी उकिडवा बसून रेघा मोजत असायचा. सर एकदा खेकसले, ‘अरे, हरलोय आपण!’ तो म्हणाला, ‘सर, अठरा.’

त्याला आता घेतला असता तर सहा गुण निव्वळ बचावांचे. खाल्लेल्या पाच गोलांचे दोन वजा. परवडतो.

डिफेंडरबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. पूर्वी तळाच्या संघाचा डिफेंडर म्हणजे गेलेला पैसा. पण २०२५-२६पासून टॅकल, ब्लॉक, इंटरसेप्शन, क्लिअरन्स अशी चेंडू हिसकावण्या-अडवण्याची कामं मिळून दहा भरली की दोन गुण देऊ लागले, आणि ज्यांच्या डोक्यावर सतत चेंडू येऊन पडतो त्यांचे दिवस थोडे पालटले.

‘काका, पण असा भारी प्लेअर त्या टीममध्ये राहतो का?’ एकीने विचारलं. नाही राहत. संघ खाली जातो आणि त्याच उन्हाळ्यात त्याला कुणीतरी उचलतं. ॲडम लिव्हरपूलला गेला. पेरेरा सौदीला, अल हिलालकडे. ज्यांच्यामुळे संघ जरा बघण्यासारखा होता ते सुटतात. मागे राहतात ती ड्राफ्टमध्येही कुणी न घेतलेली माणसं. पगाराला कात्री आधी लागते ती त्यांच्या, आणि त्यांच्याबरोबर तिकीट खिडकीवरच्या, कॅन्टीनमधल्या लोकांच्या.

ठाणे-बेलापूर रोडवरची बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा टूलरूममधले दोन फिटर पंधरा दिवसांत दुसरीकडे लागले. त्यांना तर म्हणे गेटवरूनच बोलावून नेलं. बाबा स्टोअर्सला होते. स्टोअर्सवाल्याला कोण बोलावणार? त्यांचा हिशेब हातात पडला तोवर माझं कॉलेज संपलं होतं.