दांड्या चार, पण फोटो जाईना

गेल्या आठवड्यात काटोल तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. बाबांनी ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवायला, वावरात पराटीचा (कपाशीचा) फोटो काढला होता, पण काही केल्या तो जाईना. मोबाइलवर दांड्या तर चार! तीन दिवस ते मला नागपूरला फोन करून विचारत होते, “पोरी, नेट त आहे, मंग जात काऊन नाही?”

प्रश्न अगदी बरोबर होता. मानेवाड्याच्या माझ्या घरी 100 एमबीपीएसचं फायबर आहे, तिथं तो पडतच नाही. गावात रात्री 8 वाजता स्पीड पाहिला: डाउनलोड 9 एमबीपीएस, अपलोड 0.4, म्हणजे पाठवायला सेकंदाला 0.4 मेगाबिट. फोटो 4 मेगाबाइटचा, म्हणजे 32 मेगाबिट. जायला 80 सेकंद, तेही मधे लाइन तुटली नाही तर. ती तुटतच होती.

दांड्या सांगतात टॉवरचा सिग्नल आपल्याकडे किती जोरात येतो ते. आपला टॉवरपर्यंत पोचतो की नाही, ते त्यातून कळत नाही. टॉवर कित्येक वॅटनं बोलतो, मोबाइल जेमतेम 0.2 वॅटनं. मधे संत्र्याचे बगीचे, घराच्या जाड मातीच्या भिंती, आणि रात्री सारं गाव त्याच टॉवरवर.

ब्रॉडबँड म्हणायला किमान किती वेग हवा, ती मर्यादा 2023 मध्ये 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएस झाली. चांगलंच झालं, पण तीही डाउनलोडचीच. शेतकऱ्याला आता नुसतं पाहायचं नसतं, पाठवायचं असतं. पिकाचा फोटो, पोरांच्या अर्जाचे कागद, डॉक्टरांना रिपोर्ट. अपलोडचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेली जाहिरात मी तरी पाहिली नाही, आणि याचा मला खरंच राग येतो.

भारतनेट या सरकारी फायबर योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत 100 एमबीपीएस न्यायचं ठरलं होतं. आमच्या घरापासून पंचायत तीनशे पावलांवर. तिथून घरापर्यंत तार आली, तर महिन्याचे पैसे भरायला बाबा तयार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी मोबाइल घेऊन स्लॅबवर गेले. अपलोड 3.1. फोटो बारा-पंधरा सेकंदांत गेला. खाली बाबा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उभे होते.

“गेला का व?”

“गेला, बाबा.”

ते वावराकडे निघाले.