यमनचा मध्यम आणि किटमधलं पीठ

मागच्या महिन्यात कोल्हापुरातल्या देवल क्लबात एक मैफल ऐकली आणि बाहेर येऊन आम्ही चार-पाच जण चहाच्या गाड्यावर उभे होतो तेव्हा विषय निघाला. कुणीतरी म्हटलं, जगात एवढी युद्धं चाललीत, रोज मोबाईलवर ढिगाऱ्याखालनं काढलेली पोरं बघतो आपण, आणि इथं येऊन दोन तास केदार राग ऐकतो, ह्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना त्याचं काही होतच नसेल काय? आमच्यातले तबलेवाले काका, ज्यांच्याबरोबर मी गेली कित्येक वर्षं पेटी धरते, ते लगेच म्हणाले, "अगं, हिरोशिमावर बॉम्ब पडला म्हणून यमनातला मध्यम उतरला व्हय? सूर सुराच्या जागी. कलाकारानं त्यात पडू नये."

मला तिथं उत्तर देता आलं नाही. काकांपुढं एकदम बोलवतही नाही. पण घरी आले तरी डोक्यातनं जाईना, म्हणून हे लिहायला बसले.

काकांचं म्हणणं उगाच नाही हे आधी सांगते. आपल्या कोल्हापुरातलंच उदाहरण घ्या. गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, त्या काळात प्लेग आला, पहिलं महायुद्ध झालं, १९१८ चा इन्फ्लूएंझा आला, घरंच्या घरं रिकामी झाली. आणि त्यांच्या घराण्यातल्या बंदिशी ऐकल्या तर त्यात काय आहे, पिया आहे, सास-ननद आहे, घटा आहे, मोर आहे. प्लेगचं नाव नाही. म्हणजे शब्दात शोधायला गेलं तर काकाच जिंकतात.

पण खाँसाहेबांचीच दुसरी गोष्ट आहे जी काकांनीच मला सांगितलेली. कोल्हापूरला यायच्या आधी ते एका संस्थानात नोकरीला होते, तिथं इतकं गावं लागायचं की आवाज बसला. बरेच दिवस गाताच येईना, आणि परत आला तो पहिल्यासारखा आला नाही. मग त्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी नव्यानं रचली. ती लयीची गुंतागुंत, ते तानांचे पेच, ज्याला आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणून मान डोलावतो, ते एका मोडलेल्या आवाजातनं आलेलं आहे. ही काही जगाची दुर्घटना नाही, एका माणसाची आहे, मान्य. पण मला ह्यातनं एक गोष्ट कळली की आघात गाण्याच्या शब्दात दिसत नाही म्हणजे तो गाण्यात नाही असं नाही, तो गळ्यात असतो, हातात असतो, वाद्यात असतो.

हाताचं म्हणते ते अगदी खरं. पहिल्या महायुद्धात पॉल विट्गेनश्टाइन नावाच्या पियानोवाल्याचा उजवा हात गेला. गडी थांबला नाही, मोठमोठ्या संगीतकारांकडनं एकट्या डाव्या हातासाठी रचना लिहून घेतल्या, त्यातली राव्हेल ह्या फ्रेंच संगीतकाराची सगळ्यात गाजली. ती मी डोळे मिटून ऐकली, एक हात वाजवतोय हे सांगितल्याशिवाय कळत नाही. ह्याच राव्हेलनं स्वतः युद्धात ट्रक चालवला होता, आणि युद्धात गेलेल्या मित्रांच्या नावानं त्यानं पियानोचे सहा तुकडे केले. मी रडकं काहीतरी असेल म्हणून लावलं तर त्यात नाच आहेत, हलके, खेळकर. पहिल्यांदा मला रागच आला, माणसं मेली आणि हे काय? मग परत ऐकलं. मग परत. आता मला वाटतं की मित्रांची आठवण काढायची तर त्यांना आवडलं असतं तेच वाजवायचं, त्यांचं मरण कशाला वाजवायचं. ह्यावर कुणाचं वेगळं मत असेल तर असू दे, माझं हे मत पक्कं झालंय.

शब्दात थेट येतं तेही कमी नाही हां. ते काम आपल्याकडं पोवाड्यानं केलंय. डफ, तुणतुणं, झांज, मागं "जी जी रं जी" आणि पुढं शाहीर घडलेलं सगळं जसंच्या तसं सांगतोय. इथनं जवळच वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, त्यांनी मुंबईत बसून दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडच्या लढाईचा पोवाडा लिहिला १९४३ साली. रशियाला ते गेले ते १९६१ ला! म्हणजे न बघितलेल्या शहरासाठी, कधीही न भेटलेल्या माणसांसाठी गिरणी कामगारांच्या चाळींसमोर हा माणूस डफ वाजवून सांगतोय की तिकडं काय झालंय, आणि ऐकणारे ऐकतायत. बंगालच्या दुष्काळावर पण त्यांनी केलं. मला तर ह्याचं इतकं नवल वाटतं की तेव्हा ना टीव्ही ना मोबाईल, आणि व्होल्गेच्या काठचं दुःख वारणेच्या काठच्या माणसाच्या गळ्यातनं निघालं. कलाकारानं त्यात पडू नये म्हणणाऱ्यांनी एवढं एक बघावं.

त्याच युद्धातलं रशियातल्याच लेनिनग्राडचं तर वाचून मला झोप लागली नव्हती. जर्मन सैन्य शहराकडं सरकतंय, आणि शोस्ताकोविच नावाचा संगीतकार त्याच शहरात बसून सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, लिहायला सुरू करतो, तेव्हा आग विझवणाऱ्या पथकात त्याची ड्युटी पण होती. पुढं शहराला वेढा पडला, त्याला बाहेर काढलं, तिकडं पुरी केली. शहरात लोक उपासमारीनं मरायला लागले. पण वाजवायची कुणी? शहरात रेडिओचा ऑर्केस्ट्रा उरलेला, त्यातले कित्येक भुकेनं मेलेले, जे आले त्यांना तुतारीत फुंकायला दम नाही. मग वाजवणाऱ्यांना जादा शिधा दिला, सैन्यातनं वाजवणारे बोलावले आणि ९ ऑगस्ट १९४२ ला ती सिम्फनी त्या शहरात वाजली, लाउडस्पीकर लावून शत्रूलाही ऐकवली. मी स्वतः वाजवते म्हणून मला त्यातलं एकच दिसत राहतं, ती सूर लागायच्या आधीची तालीम. पोटात अन्न नाही, हात थरथरतोय आणि समोर पान उघडलेलं.

९ ऑगस्ट म्हटलं की कोल्हापूरकराला आणखी काहीतरी आठवतं. संगीत नाटकातले गायक नट केशवराव भोसल्यांची जयंती. आणि २०२४ साली त्याच्या आदल्या रात्री त्यांच्याच नावाचं नाट्यगृह जळालं. १९१५ साली महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर. आम्ही खासबागेच्या बाजूला रस्त्यावर उभे होतो, आसपास मोठमोठे गडी लहान पोरांसारखे रडत होते. त्या रंगमंचावर मी पहिल्यांदा पेटी वाजवली तेव्हा चौदा वर्षांची होते, विंगेत धुळीचा आणि पावडरचा एक वास यायचा तो अजून नाकात आहे. नंतर पंधरा दिवस मी पेटीला हात लावला नाही. ठरवून नाही, लागतच नव्हता. काका, हा परिणाम नव्हे तर काय? त्या पंधरा दिवसात मी काही रचलं नाही, गायले नाही, गप्प बसले. पण परत बसले तेव्हा षड्ज धरून मी किती वेळ थांबले हे मला माहीत आहे.

एका गोष्टीत मात्र माझा मलाच घोळ होतो. पेंडेरेत्स्की नावाच्या पोलंडच्या संगीतकाराची हिरोशिमाच्या बळींसाठी म्हणून प्रसिद्ध असलेली रचना आहे, ५२ तंतुवाद्यं, आणि ती वाजत नाहीत, किंचाळतात. यूट्यूबवर रात्री ऐकली आणि घाबरून बंद केली. नंतर वाचलं की आधी तिचं नाव नुसतं ८ मिनिटं ३७ सेकंद असं होतं, हिरोशिमाचं नाव त्यानं मागनं दिलं, प्रत्यक्ष वाजलेली ऐकल्यावर. मग बॉम्बचा परिणाम संगीतावर झाला म्हणायचं की संगीतात बॉम्ब नंतर सापडला? आधी मला फसवल्यासारखं वाटलं. पण विचार केला तर असं होऊ शकतं की. १९३३ ला पोलंडमध्ये जन्मलेला माणूस, सगळं लहानपण युद्धात गेलेलं, त्याच्या कानात काय काय भरलं असेल आणि ते कुठल्या नावानं बाहेर येईल हे त्याला तरी आधी कुठं ठाऊक असणार.

रविशंकरांचं सगळ्यांना माहीतच आहे, १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला गाठून केलेला कार्यक्रम. अली अकबर खाँ, अल्लारखाँ बरोबर. त्यावर इतकं लिहिलंय लोकांनी की मी वेगळं काय लिहू. एवढंच म्हणेन की तिकडं राग बदलला नाही, राग कशासाठी वाजवायचा ते बदललं, आणि तेही माझ्या हिशोबात धरलंय.

आता खरं सांगायचं ते सांगते, काकांना त्या दिवशी हे सांगायला पाहिजे होतं.

माझा मामा कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचा. तिथल्या भजनी मंडळात तो पखवाज वाजवतो, चाळीस वर्षं. २०१९ चा महापूर ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको, पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी ५५ च्या वर गेलेलं, हायवे बंद, चिखलीत माणसं माळ्यावर आणि टेरेसवर, बोटीतनं काढली. मामा-मामी आमच्याकडं आले ते अंगावरच्या कपड्यानिशी. पाणी ओसरल्यावर मी त्यांच्याबरोबर गेले. देवळातलं कपाट उघडलं तर आत चिखल. पेटीचा भाता फुगून फाटलेला, पट्ट्या वर आलेल्या, दाबली की परत येईना. सूर गंजलेले. टाळ तेवढे धुवून निघाले. आणि मामाचा पखवाज, त्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, हाताला लागताच अशी आत गेली, ओल्या भाकरीसारखी, शाई सुटून आलेली, वाद्या सडायला लागलेल्या. मामानं तो मांडीवर घेतला आणि आतनं पाणी ओतून काढलं. काही बोलला नाही.

गोकुळाष्टमीच्या आसपास मंडळींनी ठरवलं की भजन करायचंच. घरात अजून ओल, भिंतीवर पाण्याची रेघ, वीज येऊन-जाऊन. पन्हाळ्याकडच्या एका गावातनं पखवाज मागून आणला. मी माझी पेटी घेऊन गेले. आता पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही, आणि गावात कुणाच्या घरात कोरडं पीठ नव्हतं. मग मामीनं मदतीचं किट फोडलं. कुठनं कुठनं ट्रक आले होते तेव्हा, पिशवीवर कुठल्या तरी लांबच्या गावाचं नाव होतं. त्यातलं पीठ भिजवून मामानं धुमेला लावलं.

आणि वाजवायला सुरुवात केली, रामकृष्णहरी, रूपाचा अभंग, मग तुकोबांचे, नेहमीचा क्रम. पुरावरचं एक अक्षर नव्हतं. पण मी पेटीवर बसले होते, मला माहीत आहे, ते भजन नेहमीचं नव्हतं. लय बसकी होती. प्रत्येक अभंगानंतर मामा थांबत होता, नेहमीपेक्षा जास्त, आणि त्या थांबण्यात कुणी खोकतही नव्हतं. तुकोबांचा अभंग चालू असताना माझ्या डोक्यात एकदम आलं की अरे, ह्या माणसानं १६३० च्या दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेलेली बघितली, त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय ते, आणि त्या दुष्काळातनं निघालेले शब्द आम्ही दर एकादशीला गातो आणि आम्हाला कधी जाणवत नाही. पुरातनं उठलेल्या लोकांच्या तोंडी ते आले तेव्हा जाणवलं. तसं काका म्हणतात ते खरंच की, सूर सुराच्या जागी. पण माणसं त्याच जागी नव्हती ना.

हे लिहायच्या आधी मी मामाला फोन केला. विचारलं, मामा, त्या दिवशी तू एवढा थांबत होतास ते का रे, मन भरून येत होतं का. तो म्हणाला, "तसं न्हवं गं. त्या किटमधलं पीठ जाडसर हुतं, लगेच वाळायचं. धूम बसायला लागली की कणीक भिजवायला पायजे, म्हणून थांबायचो. शेजारी तांब्या ठेवला हुता बघ, टँकरच्या पाण्याचा."

तांब्या मला आठवला. तो दोन बोटं बुडवायचा, कणकेवरनं फिरवायचा, एकदा थाप मारून ऐकायचा, परत बोटं बुडवायचा. आणि सगळं देऊळ तेवढा वेळ त्याच्या हाताकडं बघत बसलेलं.