तुम्ही विचारलंत म्हणून: लवकर पचणारं प्रोटीन घ्यावं की हळू पचणारं?

पोलीस भरतीची तयारी करणारे, तालुक्याच्या जिममध्ये जाणारे पोट्टे हा प्रश्न हमखास विचारतात: मसल वाढवायला व्हे घ्यायचं की केसीन? दोन्ही दुधातलीच प्रोटीनं, व्हे लवकर पचतं, केसीन हळू. माझं उत्तर आधीच सांगतो. आपल्या खेड्यातल्या ताटात घोडं वेगावर नाही, मापावर अडतं. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी वेगाचंच बघू.

उकळत्या दुधात लिंबू पिळा. पांढरा चोथा एका बाजूला होतो आणि पिवळसर-हिरवट पाणी सुटतं. चोथा मुख्यतः केसीनचा. आम्लानं न फाटणारं, पाण्यात विरघळून राहणारं प्रोटीन ते व्हे. दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण 80 टक्के केसीन, 20 टक्के व्हे. पोटातही असंच घडतं. जठरातल्या आम्लानं केसीनचा गोळा बनतो, तो सावकाश सुटतो, आणि त्यातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे सुटे तुकडे, सहा-सात तास रक्तात झिरपत राहतात. व्हे पातळच राहतं, झटकन आतड्यात उतरतं, रक्तातली पातळी तास-दीड तासात वर जाते आणि काही तासांत खाली येते.

इथं एक गैरसमज दूर करतो. पनीरचं उरलेलं पाणी म्हणजे फुकटचं व्हे, असं समजून काही जण ते लोटाभर पितात. दूध उकळताना बरंचसं व्हे केसीनला चिकटतं आणि पनीरमध्येच जातं. पाण्यात मुख्यतः दुधाची साखर आणि क्षार उरतात, लिटरभरात प्रोटीन जेमतेम काही ग्रॅम. त्या पाण्यात कणीक मळा, कढीत घाला, पण डब्यातल्या स्कूपची बरोबरी त्यात शोधू नका.

लवकर आणि हळू हा भेद गाजला तो 1997 मध्ये, फ्रान्समधल्या एका अभ्यासानं. त्यात व्हेनं शरीरातली प्रोटीनची बांधणी 68 टक्क्यांनी वाढली, केसीननं 31 टक्क्यांनी. पण केसीननं मोडतोड 34 टक्क्यांनी रोखली, आणि सात तासांचा जमाखर्च मांडला तेव्हा पारडं केसीनकडे झुकलं. म्हणजे ‘व्हे जिंकलं’ हा अर्धाच निष्कर्ष. शिवाय ती माणसं रात्रभर उपाशी होती, त्यांनी नुसतं प्रोटीन घेतलं होतं, आणि मोजमाप सगळ्या शरीराचं होतं, एकट्या स्नायूंचं नव्हतं. तुम्ही भाकर-वरणासोबत व्हे प्यालात तर जेवणच जठरात थांबतं आणि व्हेचा वेगही मंदावतो.

व्हेची मोठी जमेची बाजू मला वेगापेक्षा ल्युसीनमध्ये दिसते. स्नायूंना ‘बांधायला घ्या’ असा इशारा देणारं हे अमिनो आम्ल. 100 ग्रॅम व्हे प्रोटीनमध्ये ते 10-11 ग्रॅम असतं, केसीनमध्ये 8-9. म्हणून 25 ग्रॅम व्हे प्रोटीनमध्ये काम भागतं, तिथं डाळीसाळींचं प्रोटीन 30-35 ग्रॅम धरावं.

आता माप. वजनी व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पुरतं. 60 किलोच्या पोराला 96 ग्रॅम. ताटात काय पडतं? सत्तर ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर कागदावर 7 ग्रॅम देते, पण ज्वारीचं प्रोटीन शिजल्यावर पचायला जड होतं आणि त्यात लायसीन हे अमिनो आम्ल कमी. ती कमी वरण भरून काढतं, म्हणून भाकर आणि तुरीचं वरण ही जोडी तोडू नका. मात्र सहा जणांच्या घरात वाटीभर, म्हणजे दीडशे ग्रॅम डाळ शिजते. प्रत्येकाच्या वाट्याला 25 ग्रॅम कोरडी डाळ, प्रोटीन साडेपाच ग्रॅम. पातळ वरणाची वाटी भरलेली दिसते, आत पाणीच जास्त असतं. चार भाकरी, दोन वेळचं वरण, एक वेळचा भात आणि चहातलं दूध धरून बेरीज पन्नासच्या आसपास येते. उरलेल्या 45 ग्रॅमची तूट भरल्याशिवाय व्हे की केसीन हा वाद पोकळ आहे.

ती तूट घरात भरता येते. 50 ग्रॅम सोयावडी 26 ग्रॅम देते, 50 ग्रॅम फुटाणे 10, अर्धा लिटर दूध 16-17. अंडी चालत असतील तर चार अंड्यांचे 24. भंडारा-गोंदियाकडे तलावातली मासळी मिळते, शंभर ग्रॅमला 17-18 ग्रॅम. सोयावडी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार पाण्यात दोनदा पिळा, मग रश्शात टाका. पहिल्या आठवड्यात 25 ग्रॅमच घ्या, नाहीतर पोट फुगतं आणि पोरं सोयावडीलाच दोष देतात.

वावरातलं सोयाबीन घरात पोत्यानं असतं म्हणून ते कच्चं दळून दुधात टाकणं मात्र चूक. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारे घटक असतात, म्हणजे प्रोटीन पचवणारं यंत्रच बंद पडतं. रात्रभर भिजवा, पाणी फेका, कुकरमध्ये दाणा बोटानं सहज चेंदेपर्यंत शिजवा. आणि पूर्व विदर्भात स्वस्त मिळते म्हणून लाखोळीची डाळ रोजचं मुख्य प्रोटीन करू नका. सतत भरपूर खाल्ल्यास तिच्यातलं विष पाय लुळे करू शकतं.

पहाटे मैदान, दिवसभर वावर आणि रात्री नऊला जेवण, अशा दिवसात प्रोटीन एकाच वेळी कोंबू नका, चार वेळा विभागा. दुपारच्या डब्यानंतर सात-आठ तास पोटात काही पडत नाही, ती फट आधी बुजवा. फुटाणे आणि दूध तिथंच घाला.

रात्रीचं केसीन? झोपेआधी घेतलेल्या केसीननं रात्रीत स्नायूंची बांधणी वाढल्याचं दिसलं, पण तो डोस 40 ग्रॅमचा होता. पेलाभर दुधात 8 ग्रॅम असतात. शंभर ग्रॅम पनीर आणि पेलाभर दूध मिळून 26 ग्रॅम होतात, आणि ते मुख्यतः केसीनच आहे. वेगळा केसीनचा डबा घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

व्हे कुणी घ्यावं? ज्याला मैदानावरून थेट कामावर जायचं आहे, दूध-अंडी जमत नाहीत आणि खिसा परवानगी देतो, त्यानं. किंमत भागिले डब्यातलं एकूण प्रोटीन, असा ग्रॅमचा भाव काढा. लेबलवर 100 ग्रॅममागे 70 ते 80 ग्रॅम प्रोटीन आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी क्रमांक बघा. घटकांत ग्लायसीन किंवा टॉरीन वेगळं घातलेलं असेल तर डबा परत ठेवा. त्यानं प्रोटीनचा आकडा फुगतो, स्नायूला काही मिळत नाही. दुधानं पोट बिघडत असेल तर साध्या व्हेऐवजी (कॉन्सन्ट्रेट) दुधाची साखर जवळपास काढलेलं व्हे (आयसोलेट) घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

व्हे गरम दुधात टाकलं की गुठळ्या होतात, कारण उष्णतेनं ते गोठतं. आधी गार पाणी, मग पावडर, मग हलवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा कालवलेलं व्हे बाटलीत घेऊन वावरात जाऊ नका, दोन तासांत नासतं. पावडर कोरडी न्या आणि तिथं पाण्यात कालवा. डबा टिनाच्या पत्र्याखाली ठेवू नका, ओला चमचा आत घालू नका, आणि शेकर प्यायल्या प्यायल्या धुवा. झाकणाच्या आट्यात अडकलेला थेंब दुसऱ्या दिवशी आख्ख्या बाटलीला वास आणतो.