दप्तर तिथेच टाका

किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी, १९९३ साली, मी आपल्या शाळेत सातवीत होतो. जमीन हलली की दप्तर तिथेच टाकून मैदान गाठायचे, असे वर्गशिक्षिका बाईंनी आम्हांला बजावले होते. सरस्वतीच्या तसबिरीचे काय करायचे, असे कोणी विचारले नाही. विचारले असते तर बहुधा बाई हसल्या असत्या.

पुढे इतिहासाचा अभ्यास करताना बीजिंगमधील मुलींच्या एका नामांकित माध्यमिक शाळेची हकीकत वाचली आणि बाई आठवल्या. मार्च १९६६ मध्ये शिंगतायचा भूकंप झाल्यावर या शाळेच्या उपमुख्याध्यापिका ब्येन झोंगयुन यांना, वर्गातील चीनचे सर्वोच्च नेते माओ यांचे चित्र बरोबर घ्यायचे का, असे विचारण्यात आले. चित्राविषयी काही न बोलता त्यांनी मुलींना लवकर मोकळ्या जागी जायला सांगितले. मे महिन्यात सांस्कृतिक क्रांती, म्हणजे ‘जुन्या’ विचारांच्या माणसांविरुद्ध माओंनी पुकारलेली मोहीम, सुरू झाली, वर्ग बंद पडले आणि हेच उत्तर त्यांच्यावरील आरोप ठरले. ५ ऑगस्टला विद्यार्थिनींनी खिळे ठोकलेल्या लाकडांनी केलेल्या मारहाणीत त्यांचा अंत झाला. त्या मुली उनाड नव्हत्या. कित्येक जणी पक्षातील वरिष्ठांच्या घरच्या होत्या. आज्ञापालनाची सवय त्यांना शाळेनेच लावली होती, आता आज्ञा शाळेबाहेरून येत होती, इतकाच काय तो फरक.

१८ ऑगस्टला थ्येनआनमेन चौकातील प्रचंड मेळाव्यात याच शाळेच्या सोंग बिनबिन यांनी माओंच्या दंडाला लाल रक्षकांची, म्हणजे माओनिष्ठ विद्यार्थ्यांच्या दलाची, पट्टी बांधली. त्यांच्या नावातून सौम्यपणा सूचित होतो, हे ऐकून माओंनी लढाऊ होण्याचा सल्ला दिला. दोनच वर्षांनी या पिढीतील असंख्य मुलामुलींची रवानगी खेड्यांत झाली. महाविद्यालयांची प्रवेशपरीक्षा थेट १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली.

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे मागवणारे पत्र आले तेव्हा मला त्या शाळेचा २००७ मधील नव्वदावा वर्धापनदिन आठवला. तेव्हा सोंग यांचा गौरव झाला आणि माओंसोबतचे ते छायाचित्रही झळकले. ब्येन यांचे पती वांग जिंगयाव यांनी त्याचा जाहीर निषेध केला. सोंग यांनी, मारहाणीत आपला हात नव्हता असे सांगत, शिक्षकांना वाचवू न शकल्याबद्दल २०१४ मध्ये क्षमा मागितली. वांग यांनी ती नाकारली. त्यांच्याजवळही छायाचित्रे होती. पत्नीच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच दिवशी कॅमेरा विकत आणून त्यांनी तिच्या मृतदेहाची काढलेली.